खाडीकाठचा इतिहासाचा तास

बर दुबईत पत्ता सांगताना रस्त्याचं नाव कुणी सांगत नाही. 'अल फहिदी स्ट्रीटवर साड्यांची दुकानं संपतात ना, तिथून डावीकडे', किंवा 'बुर्जुमानच्या मागे, खाली किराणा दुकान असलेली जुनी बिल्डिंग' एवढं सांगितलं की माणूस बरोबर पोचतो. 'बर' म्हणजे अरबीत जमीन. खाडीच्या या बाजूची जमीन ती बर दुबई, समोरची देरा. अठरा वर्षांपूर्वी लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा साताऱ्याहून सासऱ्यांनी फोनवर पहिला प्रश्न विचारला होता, "आजूबाजूला आपली माणसं आहेत का?" मी खिडकीतून पाहिलं. खाली सिंधी कापडवाला, शेजारी केरळी चहावाला, वरच्या मजल्यावर बंगाली कुटुंब, आणि कोपऱ्यावरून निळ्या फरशांच्या इराणी मशिदीकडे जाणारा रस्ता. "आहेत," मी म्हणाले. सासरे निर्धास्त झाले.

दर रविवारी आमच्यापैकी कुणाच्या तरी हॉलमध्ये मुलांचा मराठी गट जमतो. चौथीपासून नववीपर्यंतची दहा-पंधरा मुलं, चार आया, एक निवृत्त काका आणि मध्येच भेळ. पूर्वी हे शुक्रवारी असायचं. २०२२ पासून इथली साप्ताहिक सुट्टी शनिवार-रविवारवर गेली आणि आमचा गटही सरकला. हिवाळा लागला, म्हणजे नोव्हेंबर संपत आला, की एका रविवारी आम्ही पुस्तकं बंद ठेवतो आणि मुलांना घेऊन बर दुबई पायी फिरतो. अल फहिदीच्या जुन्या मोहल्ल्यापासून किल्ला, तिथून कापडबाजारातून खाडी, आणि अब्र्यात बसून पलीकडे. हा लेख त्या फिरण्याचा आहे. पण मुलं बरोबर असली की फिरणं फिरण्यापुरतं राहत नाही. गेल्या हिवाळ्यातली फेरी शाळांबद्दलच्या एका वादापर्यंत गेली आणि तो वाद आमच्या गटात अजून चालू आहे.

आधी इथल्या मुलांच्या डोक्यात एका आठवड्यात काय काय जातं ते सांगते, कारण भारतातल्या आजी-आजोबांना त्याची कल्पना येत नाही. माझी मुलगी सीबीएसईच्या शाळेत आहे. सकाळी परिपाठाला 'ईशी बिलादी' हे अमिरातीचं राष्ट्रगीत होतं आणि 'जन गण मन'ही होतं. अरबी भाषा नववीपर्यंत सक्तीची. मुसलमान मुलांना इस्लामी शिक्षणाचा तास असतो, आणि २०१७ पासून आलेला नैतिक शिक्षणाचा विषय, जो आता समाज आणि संस्कृती यांच्याशी जोडून शिकवतात, तो सगळ्यांना. त्यात सहिष्णुता, वडीलधाऱ्यांचा मान, शेख झायेद आणि या देशाची घडण. इतिहास-भूगोल मात्र दिल्लीहून येतो. काही शाळांत एनसीईआरटीची पुस्तकं, काहींत खासगी प्रकाशकांची. आणि घरी आम्ही. महाराष्ट्र बोर्डाचं चौथीचं 'शिवछत्रपती' दर उन्हाळ्यात कुणाच्या ना कुणाच्या बॅगेत, लोणच्याच्या बरणीशेजारी, पुण्याहून येतंच.

म्हणजे एका मुलाला तीन ठिकाणांहून सांगितलं जातं की तू कोण आहेस. मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात, जेवणाच्या रांगेत, यावर कुणी ना कुणी बोलतं. शब्द ठरलेला: ब्रेनवॉश. एकाला वाटतं इथल्या शाळा मुलांना परकं करतात. दुसऱ्याला वाटतं भारतातली जुनी पुस्तकं डाव्यांनी लिहिली होती, आता कुठे नीट होतायत. तिसऱ्याला वाटतं आत्ताच तर ती बिघडली. गंमत अशी की आपण स्वतः जे शिकवतो त्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे. आपण करतो ते संस्कार. दुसरा करतो ते ब्रेनवॉश.

या वादात मला कुणा एका पक्षाची बाजू घ्यायची नाही. त्याला कारण आहे पुण्याच्या एका प्राध्यापकांची हकिगत. सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव हे एनसीईआरटीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते. अकरावीच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ सालचं एक व्यंगचित्र होतं: संविधान गोगलगायीच्या गतीनं चाललंय, त्यावर आंबेडकर बसलेले आणि मागे नेहरू. २०१२ च्या मे महिन्यात त्यावरून संसदेत गदारोळ झाला. तेव्हाच्या काँग्रेस आघाडीच्या सरकारनं व्यंगचित्र काढून टाकण्याचं जाहीर केलं, दोघांनी राजीनामे दिले, आणि पळशीकरांच्या पुणे विद्यापीठातल्या कार्यालयाची मोडतोड झाली. अकरा वर्षांनी, भाजपच्या सरकारात, करोनानंतर अभ्यास हलका करण्याच्या नावाखाली त्याच पुस्तकांतून मजकूर वगळला गेला. जून २०२३ मध्ये याच दोघांनी एनसीईआरटीला पत्र लिहून, या पुस्तकांवरून आमची नावं काढा, असं सांगितलं. त्या कात्रीत बारावीच्या इतिहासातलं मुघल दरबारावरचं प्रकरण गेलं. दहावीच्या विज्ञानातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्याच्या नावातून उत्क्रांती गेली, धड्यातूनही गेली. अठराशेहून अधिक वैज्ञानिक आणि शिक्षकांनी त्याविरुद्ध पत्र काढलं. त्याच्याही मागे जायचं तर १९७८ मध्ये, जनता सरकारच्या काळात, रामशरण शर्मांचं 'प्राचीन भारत' अकरावीतून काढलं गेलं होतं. सरकार कुठलंही असो, पाठ्यपुस्तक दिसलं की हात शिवशिवतात.

आणि घरच्या 'शिवछत्रपती'चं काय? माझ्या पिढीनं त्यात दादोजी कोंडदेव वाचले, शिवबांचे गुरू म्हणून. पुढे त्यावरून महाराष्ट्रात किती रान पेटलं, ते सगळ्यांना आठवत असेल. डिसेंबर २०१० मध्ये पुण्याच्या लाल महालातला त्यांचा पुतळा रात्रीतून हलवला गेला. आमच्या गटातले निवृत्त काका आणि त्यांचा इथे जन्मलेला नातू या एका नावावर बोलायला लागले की दोघं दोन वेगवेगळ्या महाराष्ट्रांतून आल्यासारखे वाटतात.

असो. फेरीला निघू.

अल फहिदीचा मोहल्ला म्हणजे पूर्वीचा बस्तकिया. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इराणच्या बस्तक भागातले व्यापारी येऊन इथे राहिले, म्हणून ते नाव. प्रवाळाच्या दगडाच्या भिंती, दोन माणसं शेजारून जेमतेम जातील एवढ्या गल्ल्या, आणि घरांवर वाऱ्याचे मनोरे, ज्यांना इथे बर्जील म्हणतात. मुलं त्या मनोऱ्याखाली उभी राहून वर तोंड करतात आणि वारा लागला की ओरडतात. या मोहल्ल्यात १९९८ पासून शेख मोहम्मद यांच्या नावाचं सांस्कृतिक केंद्र आहे. त्याचं ब्रीद सरळ आहे: दारं उघडी, मनं उघडी. पाहुण्यांनी चौकात गालिच्यावर बसायचं, गहवा आणि गोड लुकैमात खायचे, आणि यजमान अमिराती बाई किंवा बाप्ये यांना काहीही विचारायचं. काहीही म्हणजे काहीही, असं ते आधीच सांगतात.

आमच्या मुलांनी विचारलंही. पहिले प्रश्न नेहमीचे. पांढरा कंदुरा मळत नाही का? उन्हात काळा अबाया का? मग पाचवीतल्या एकानं विचारलं, तुम्हाला चार बायका आहेत का? आम्ही आया जमिनीकडे बघायला लागलो. यजमान तरुण होता. तो मनापासून हसला, म्हणाला, एकीलाच हो म्हणायला दोन वर्षं लागली. मग त्यानं धर्मात काय सांगितलंय, त्याच्या आजोबांच्या काळात काय होतं आणि आता त्याच्या मित्रांत काय आहे, हे तिन्ही वेगवेगळं करून सांगितलं. मला ते फार आवडलं. ग्रंथात काय आहे, पूर्वी काय होतं आणि आज काय दिसतं, या तीन गोष्टींची गल्लत न करणं हे आमच्या कित्येक शिकलेल्या माणसांनाही जमत नाही. अर्थात इथे राहणाऱ्या प्रत्येकाला हेही माहीत असतं की काही प्रश्न त्या गालिच्यावरसुद्धा कुणी विचारत नाही, आणि मुलांना ते न सांगता कळतं. परक्या देशात राहण्याची ती किंमत आहे आणि आम्ही ती समजून-उमजून देतो. पण जेवढं विचारता येतं, तेवढं तरी आम्ही आमच्या घरात विचारू देतो का, हा माझ्या मनातला प्रश्न तिथूनच निघाला.

किल्ल्यापाशी मुलं दमतात. हा १७८७ चा किल्ला, बर दुबईतली सगळ्यात जुनी उभी इमारत. त्याच्या सावलीत बसवून निवृत्त काका खिशातून एक नोट काढतात. आकार आणि चित्र आपल्या जुन्या दहाच्या नोटेचं, रंग मात्र लाल. ही आखाती रुपयाची नोट. दुबईत १९६६ पर्यंत रुपया चालायचा. भारतातून सोन्याच्या चोरट्या व्यापारात रुपये बाहेर जाऊ लागले म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या, आणि जून १९६६ मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं तेव्हा इथल्या राज्यकर्त्यांनी तो सोडून दिला. दिरहम आला तो १९७३ मध्ये. काकांनी ती नोट मुंबईत एका संग्राहकाकडून घेतलीय आणि ती हातात देताना ते प्रत्येक मुलाचे हात रुमालानं पुसतात.

मुलांना धक्का बसतो. इतकी वर्षं या शहरात राहतो आणि हे शाळेत कुणी सांगितलं नाही? मला त्यात कुणाचा डाव वगैरे दिसत नाही. दिल्लीत बसून पुस्तक लिहिणाऱ्याला बर दुबईचा दुकानदार आठवायचं कारण नाही, आणि अबू धाबीत लिहिणाऱ्याला आपल्या देशाची गोष्ट एकसंध सांगायची असते, त्यात परक्याचं चलन कुठे बसवणार? दोन देशांच्या पुस्तकांच्या शिवणीत जे पडतं ते निसटतं. बर दुबई त्या शिवणीतच आहे.

कापडबाजारातून पुढे खाडीकडे जाताना 'हिंदी लेन' लागते. हारांची, उदबत्तीची, पितळी ताम्हनांची दुकानं. इथलं शिवमंदिर २०२४ च्या जानेवारीत जेबेल अलीला गेलं, पण गल्लीतून जाताना मोठ्या माणसांचे हात अजून आपोआप जोडले जातात. गल्ली संपली की एकदम खाडी, आणि तिच्यात लाकडी गलबतं.

इथे मी मुलांना चाच्यांची गोष्ट सांगते. इंग्रजांच्या जुन्या नकाशांवर या किनाऱ्याला चाच्यांचा किनारा म्हटलेलं असे. रास अल खैमाचे कासिमी दर्यावर्दी इंग्रज गलबतं लुटतात, असं म्हणून १८०९ आणि पुन्हा १८१९ मध्ये त्यांच्यावर आरमार चालून आलं. कुठून? आपल्या मुंबईहून. मग १८२० चा तह झाला आणि किनारा इंग्रजांच्या मुठीत गेला. त्या कासिमी घराण्यातले, आज शारजाचे शासक असलेले शेख सुलतान यांनी या प्रकरणाचा अभ्यास करून इंग्लंडातल्या एक्झेटर विद्यापीठात प्रबंध लिहिला. १९८६ मध्ये त्याचं पुस्तक निघालं. आखातातली अरबांची चाचेगिरी ही ईस्ट इंडिया कंपनीनं रचलेली दंतकथा, असं त्याचं म्हणणं. आणि त्यासाठी त्यांनी कागद वापरले ते मुख्यतः मुंबईच्या दप्तरातले. म्हणजे ज्या कंपनीनं चाचे म्हटलं तिच्याच चोपड्या उघडून पाहिल्या. त्यांचं म्हणणं सगळ्या इतिहासकारांनी मान्य केलंय असं नाही. पण वाद आता कागदांवर होतो.

"चाचे अजून कुणाला म्हणायचे इंग्रज?" मी विचारते. दर वर्षी कुणीतरी ओरडतं, "कान्होजी आंग्रे!" अलिबागचं मूळ असलेलं एखादं पोर असेल तर आवाज जास्त मोठा. मराठ्यांचा सरखेल, ज्याच्या दस्तकाशिवाय कोकण किनाऱ्यावर गलबत हलत नसे, तो इंग्रजांच्या लेखी चाचा. हे आमच्या मुलांना चटकन कळतं, कारण शिक्का आपल्या माणसावर बसलाय. आपल्यावर बसलेला शिक्का शिक्का म्हणून ओळखणं सोपं असतं.

अब्र्याचं भाडं एक दिरहम. पाच मिनिटांत पलीकडे. देराच्या अल रासमध्ये अल अहमदिया ही दुबईतली पहिली शाळा आहे, आता संग्रहालय म्हणून जपलेली. मोत्यांचे व्यापारी अहमद बिन दलमूक यांच्या नावाची, १९१२ ची. कुराण, सुलेखन, गणित. मोत्यांची मुख्य बाजारपेठ मुंबई, त्यामुळे ही शाळा एका अर्थी मुंबईच्या पैशावर उभी होती. जपानी कृत्रिम मोती आले, बाजार बसला, आणि शाळेवरही संक्रांत आली. पाठांतर हाच तिथला मुख्य अभ्यास. आपल्या पंतोजींच्या शाळांतही तेच होतं, त्यामुळे नाक मुरडायचं कारण नाही. पण तिथल्या लाकडी बाकांवर बसून आमच्या गटातल्या आठवीतल्या मुलानं जे विचारलं, त्यावरून पुढचं सगळं सुरू झालं.

त्यानं विचारलं, "काकू, आमच्या पुस्तकातला मराठ्यांचा नकाशा चुकीचा आहे का?"

त्याला संदर्भ असा. एनसीईआरटीचं आठवीचं समाजशास्त्राचं नवं पुस्तक जुलै २०२५ मध्ये आलं. आधीच्या पुस्तकांत मराठे अठराव्या शतकातल्या सत्तांच्या प्रकरणात थोडक्यात आटपलेले असायचे. नव्यात त्यांच्यावर अख्खं प्रकरण आहे. आमच्या व्हॉट्सअॅप गटावर त्या दिवशी भगवे झेंडे थांबेनात. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपल्या मुलीला परदेशात, दिल्लीच्या पुस्तकात शिवाजी महाराज नीट भेटतात याचा आनंद कुठल्या मराठी आईला होणार नाही? पण त्यातल्या मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेरही रंगवलेलं होतं. तिथल्या पूर्वीच्या राजघराण्यातून हरकत आली की आमच्यावर मराठ्यांचं राज्य कधीच नव्हतं. ओडिशातून तक्रार आली की १८१७ चा पाइकांचा उठाव पुस्तकात नाही. ऑगस्टमध्ये एनसीईआरटीनं हरकती तपासायला तज्ज्ञांची समिती नेमली. त्या मुलाच्या वर्गात राजस्थानी मुलगा होता. मधल्या सुट्टीत जुंपली असणार.

मी म्हटलं, हरकत घेतलीय, समिती बघतेय. तुला काय वाटतं, जैसलमेर कुणाकडे होतं हे कशावरून ठरवायचं? मुलांनी उत्तरं दिली. चौथाई कुणी भरली ते बघायचं. तह बघायचे. तिथल्या लोकांचे कागद बघायचे. नववीतली एक म्हणाली, चौथाई घेणं आणि राज्य करणं एकच का? हे मी सांगितलेलं नव्हतं. मग परत येताना अब्र्यात कुणीतरी आमच्या वरच्या मजल्यावरच्या बंगाली आजींचा विषय काढला. मुलं त्यांना दीदा म्हणतात. दीदा नातवाला झोपवताना जी अंगाई गुणगुणतात, तिच्यात बर्गी येतात. झोप, नाहीतर बर्गी येतील, असा धाक. बर्गी म्हणजे आपले बारगीर. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा असलेला तो शिलेदार. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांच्या फौजा भास्करराम कोल्हटकरांबरोबर बंगालवर चालून गेल्या. लूट, जाळपोळ, कत्तली झाल्या. १७५१ मध्ये अलीवर्दीखानानं तह करून ओडिशा सोडलं आणि वर्षाला बारा लाखांची चौथाई कबूल केली. पावणेतीनशे वर्षं झाली आणि बर दुबईतल्या चौथ्या मजल्यावर ते अजून मुलांना झोपवतायत.

दुसऱ्या दिवशी त्या मुलाच्या वडिलांचा फोन आला. "वहिनी, एक बोलायचं होतं." आवाज शांत होता, पण राग कळत होता. "इथे वाढणाऱ्या पोरांकडे आपलं म्हणावं असं उरतं किती? मराठ्यांचा अभिमान वाटावा म्हणून मी त्याला तुमच्याकडे पाठवतो. तो घरी येऊन विचारतो, बाबा, आपण बंगालमध्ये लुटालूट केली का? वर्गात दहा प्रांतांची पोरं असतात. उद्या कुणी बोललं तर याला ताठ उभं राहता यायला हवं. शाळा मुलांच्या डोक्यात काय भरते म्हणून आपण ओरडतो, आणि तुम्ही वेगळं काय करताय?"

या बोलण्याला उडवून लावता येत नाही. परदेशात वाढणाऱ्या मुलाला पायाखाली काहीतरी घट्ट लागतं, हे अगदी खरं आहे. मुळांशिवाय सारखी शंका घेणारं पोर नुसतंच तुसडं होतं, तेही मी पाहिलंय. मी त्यांना एवढंच म्हटलं की बर्गीची गोष्ट त्याला मी सांगितली नसती तरी जिन्यात कळली असती. आणि आपण ती नाकारली असती तर त्यानं फोनवर दोन मिनिटांत शोधून काढलं असतं. मग आपण ताराबाईंबद्दल जे खरं सांगू, त्यावरही त्यानं विश्वास ठेवला नसता. ते म्हणाले, "बघतो," आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी आम्ही शिवाजी महाराजांचं चिपळूणच्या छावणीला पाठवलेलं पत्र वाचायला घेतलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचावं. पावसाळ्याच्या तोंडावर लष्कराला सांगितलंय की दाणा-वैरण जपून वापरा. ती संपली तर तुम्ही कुणब्यांकडून ओरबाडायला लागाल, आणि मग रयतेला मोगल परवडले असं वाटेल. दिव्याची पेटती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंत काळजी. मुलं उंदरावर हसली. मग नववीतलीच ती म्हणाली, "मग भास्कररामांनी हे पत्र वाचलं नव्हतं का?" खोलीत मिनिटभर कुणी बोललं नाही. निवृत्त काकांनी चष्मा पुसला. मला विचाराल तर त्या मुलीला मराठ्यांचा जेवढा अभिमान आहे तेवढा त्या झेंडेवाल्या व्हॉट्सअॅप गटात कुणाला नसेल. बंगालमध्ये जे झालं ते मोजायची पट्टी तिला आपल्याच घरात सापडली.

इथल्या शाळांची तपासणी करणाऱ्या केएचडीएच्या अहवालांत एका ठिकाणी मुलांची विचार करण्याची, चिकित्सेची कुवत पाहिलेली असते, आणि दुसऱ्या ठिकाणी त्यांना इस्लामी मूल्यं आणि अमिराती संस्कृती किती समजते ते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात विसंगती वाटली होती. आता तेवढी वाटत नाही. कुठल्याही शाळेला दोन्ही करावंच लागतं. मूल्य द्यायचं आणि ते तपासायचं हत्यारही द्यायचं. बिघडतं ते दुसरं काम पहिल्याच्या सोयीनं थांबवलं की. आणि ते थांबवणारं दर वेळी सरकारच असतं असं नाही. बऱ्याचदा घरातलाच कुणीतरी म्हणतो, 'मोठा झालास की कळेल'.

तो मुलगा तीन रविवार आला नाही. चौथ्या रविवारी आला. वडील त्याला सोडायला येतात, वर येत नाहीत, गाडीत बसून राहतात. दीदांना आम्ही एकदा बोलावलं. त्यांनी ती अंगाई म्हणून दाखवली, आणि मुलांनी त्यांना भाजणीचं थालीपीठ खायला घातलं. दीदांनी त्याच मुलाच्या गालाला हात लावून विचारलं, "तूच का रे बर्गी?" तो लाजला.

यंदाच्या फेरीची तारीख डिसेंबरमधली धरलीय. या वेळी प्रश्न मुलांनी आधीच लिहून द्यायचे, असं ठरलंय. वही फ्रिजवर ठेवली आहे आणि आत्तापर्यंत नऊ प्रश्न आलेत. वाऱ्याच्या मनोऱ्यातून चोर येत नसत का? मुंबईच्या आरमारात १८१९ साली मराठी खलाशी होते का? 'ईशी बिलादी' आणि 'जन गण मन' दोन्ही म्हणणारा सैनिक लढाई झाली तर काय करेल? नववा प्रश्न आठवीतल्या त्या मुलाच्या अक्षरात आहे: ६६ साली रुपया बंद झाला तेव्हा हिंदी लेनमधल्या दुकानदारांच्या गल्ल्यातल्या नोटांचं काय झालं? गल्लीत एक म्हातारे सिंधी कापडवाले आहेत, तेव्हा दुकानात वडिलांच्या हाताखाली होते. ते म्हणालेत, दुपारी चारनंतर या, सकाळी गिऱ्हाईक असतं.